कागदावरचा पगार



परीक्षांचे निकाल लागू लागले की आमच्या भागातील पुष्कळ घरांतून एक कागद हातोहात फिरू लागतो. वर कारखान्याचे किंवा कंपनीचे नाव ठळक छापलेले, मजकूर इंग्रजी, खाली कुणा अधिकाऱ्याची सही. लोक त्यास 'ऑफर लेटर' म्हणतात. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तथापि पगाराचा आकडा कोणत्या ओळीत आहे हे तिला बरोबर ठाऊक असते. काही दिवस तो कागद येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली ठेवला जातो, आणि मग त्याचा प्रवास सुरू होतो. तो घरमालकास दाखविला जातो, बँकेच्या टेबलावर जातो, मोटारसायकलच्या दुकानात जातो, सोयरीक करावयास आलेल्या मंडळींसमोर येतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडून एकच गोष्ट वदवून घ्यावयाची असते: या मुलाच्या हाती उद्या किती पैसा येणार, आणि तो खात्रीने येणार काय?

सिल्व्हासाच्या आसपास हा प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि त्याचे कारण उघड आहे. मसाट, पिपरिया, आमली, खडोली, राखोली, नरोली, दादरा या बाजूंना कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आमच्या कित्येक कुटुंबांनी घरामागच्या जागेत चार-सहा खोल्या बांधल्या आहेत, व त्यांच्या भाड्यावर मुलांच्या फीची सोय होते. येणारा भाडेकरू बिहारचा असतो, उत्तर प्रदेशाचा असतो, ओडिशाचा असतो, नाहीतर जवळच्याच जव्हार-मोखाड्याचा. मालक म्हणतो, मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा दाखव. मुलगा म्हणतो, नोकरी सोमवारपासून लागणार, स्लिप कोठून आणू? आणि तो खिशातून हा कागद काढतो.

मालकाने त्यावर विश्वास ठेवावा काय? एका गृहस्थांनी हाच प्रश्न आम्हांस विचारला. त्यांचे दोन महिन्यांचे भाडे बुडाले होते. मुलाने दाखविलेले पत्र खरे होते. परंतु नोकरी सुरूच झाली नाही. त्यांनी आता असे ठरविले आहे, की हाती स्लिप असल्याशिवाय कोणासही खोली द्यावयाची नाही. त्यांचे नुकसान झाले हे खरे. पण त्यांचाच नियम सर्वांनी पाळला, तर पहिली नोकरी लागलेल्या मुलाने पहिला महिना कोठे काढावा? कारखान्याजवळ डोके टेकावयास जागा मिळाली नाही तर तो कामावर टिकणार कसा, आणि ती स्लिप त्याच्या हाती येणार कधी? परक्यास घरात घेण्याविषयी प्रभूने काय सांगितले आहे हे आमच्या वाचकांस आम्ही पुन्हा सांगावयास नको. तसेच, ज्याची चूल चार खोल्यांच्या भाड्यावर पेटते त्याने डोळे मिटून दान करावे, असेही आम्ही म्हणणार नाही.

आमचे मत असे, की हा कागद फेकून देण्याजोगा नाही, आणि घर गहाण टाकण्याजोगाही नाही. देणाऱ्याचा इरादा काय आहे याचा तो पुरावा आहे. मिळकतीचा पुरावा त्यातून होत नाही. इरादा किती पक्का आहे हे मात्र पारखता येते, आणि त्यास इंग्रजीपेक्षा चिकाटी अधिक लागते.

प्रथम कागदाची जात ओळखावी. ऑफर लेटर, नेमणूकपत्र आणि सॅलरी स्लिप हे तीन निरनिराळे कागद आहेत, व लोक त्यांची गल्लत करतात. ऑफर लेटर म्हणजे प्रस्ताव. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव दुसऱ्याने स्वीकारल्यावाचून करार होत नाही. म्हणून ज्या पत्रावर मुलाने स्वीकृतीची सही करून ते परत पाठविलेले नाही, किंवा ज्याची मुदत उलटून गेली आहे, ते पत्र अर्धेच समजावे. स्वीकारल्यावरही अटी असतातच. वैद्यकीय तपासणीत उतरला तर, शेवटच्या वर्षाचा निकाल अमुक टक्क्यांचा लागला तर, आधीच्या मालकाचा दाखला आणला तर. या 'तर'ची मोजदाद प्रथम करावी. त्या अटी पुऱ्या होऊन मुलगा हजर झाला, म्हणजे नेमणूकपत्र मिळते. ते देणे आता मालकाच्या मर्जीवर राहिलेले नाही. कामगारांची सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून, तिच्याप्रमाणे कामावर घेतलेल्या प्रत्येकास नेमणूकपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ठेकेदाराकडे लागलेल्या आमच्या मुलामुलींनी ते मागण्यास संकोच बाळगू नये. सॅलरी स्लिप तेवढी झालेल्या गोष्टीची साक्ष देते; पहिले दोन कागद व्हावयाच्या गोष्टीविषयी बोलतात.

उत्पन्नाचे वचन देणारा कागद नेमके काय देतो आणि काय देत नाही, याविषयी आमच्या या भूमीचा स्वतःचाच एक मोठा दाखला आहे, तो येथे सांगावासा वाटतो. मराठ्यांनी १७७९ साली पोर्तुगीजांशी तह केला, आणि पुढे १७८३ व १७८५ साली सनदा देऊन दादरा व नगर हवेलीच्या गावांचा वर्षाला १२,००० रुपयांचा वसूल त्यांस नेमून दिला. म्हणजे तोही पुढे मिळावयाच्या पैशाचाच कागद होता. १९५४ साली ही गावे मुक्त झाली. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, आणि त्या जुन्या तहाने आपणांस या गावांवरील राज्यच मिळाले होते असे म्हणणे मांडले. तहाच्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायालयापुढे आले. १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निकालात न्यायाधीशांनी असे सांगितले, की मराठ्यांनी दिले होते ते जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. राज्य दिले नव्हते. पुढे इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगीजांची सत्ता येथे मानली गेली, हेही त्यांनी नमूद केले, आणि दाव्यातील मुख्य प्रश्न रस्त्याच्या वहिवाटीचा होता. तो इतिहास आज बाजूस ठेवू. देणाऱ्याने लिहिले एक व घेणाऱ्याने वाचले दुसरे, आणि त्याचा निवाडा करण्यास पावणेदोनशे वर्षांनी जगातील थोर न्यायाधीशांस शब्द न् शब्द तपासावा लागला, एवढेच आम्हांस येथे घ्यावयाचे आहे. ऑफर लेटर हाती आल्यावर तेच काम आपण घरी बसून, सही करण्यापूर्वी करावे.

आता आकडा पाहू. बहुतेक पत्रांत वर्षाचा आकडा असतो आणि त्यापुढे 'सी. टी. सी.' अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ, या माणसापायी कंपनीस वर्षाला एकूण खर्च किती येईल. मुलाच्या हातात किती पडेल, असा तो अर्थ नव्हे. समजा, पत्रात ३,००,००० रुपये लिहिले आहेत. घरातील मंडळी बाराने भागतात आणि महिन्याला २५,००० म्हणून मोकळी होतात. पत्रामागे एक तक्ता जोडलेला असतो, तो कोणी उलगडत नाही. समजा, त्यात ३०,००० रुपये वर्षअखेर कामगिरी पाहून द्यावयाचे म्हणून दाखविले आहेत; ते वगळले की महिन्याला २२,५०० उरले. मूळ वेतन १२,५०० धरले तर भविष्यनिर्वाह निधीत कंपनीने भरावयाचा १२ टक्क्यांचा वाटा १,५०० रुपये होतो, आणि तो बहुधा याच आकड्यात मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ६०० रुपये धरलेले असतात. राहिले २०,४००. त्यातून निधीचा मुलाचा स्वतःचा वाटा पुन्हा १,५०० रुपये कापला जातो. हाती पडतात १८,९००, आणि कर्मचारी राज्य विमा लागू असला तर त्याहूनही थोडे कमी. निधीचे पैसे मुलाच्याच नावावर जमतात, ते बुडत नाहीत, हे खरे; पण त्यांतून खोलीचे भाडे भरता येत नाही. पंचवीस हजारांच्या हिशेबाने ठरविलेला मोटारसायकलचा हप्ता एकोणीस हजारांतून भरू लागले, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच घरात कुरबुर सुरू होते. दोष मुलाचा नसतो, आणि कंपनीनेही काही लपविलेले नसते. तक्ता वाचला गेला नाही, एवढेच.

पत्र कोणाचे आहे, हेही पाहावे. कारखान्याच्या गेटवर एक नाव असते आणि पत्रावर दुसरे. आमच्या भागात पुष्कळ कामगार ठेकेदारामार्फत लागतात. अशा वेळी मुलगा "अमक्या कंपनीत लागलो" असे सांगतो, आणि तो खोटे बोलत असतो असेही नाही, कारण तो रोज त्याच गेटातून आत जाणार असतो. तथापि त्याला पगार देणारा ठेकेदार आहे, आणि ठेका संपला की ते कामही बहुधा संपते. शिकाऊ उमेदवारीच्या पत्राची गोष्ट याहून निराळी. आय. टी. आय. होऊन आलेली मुले १९६१ च्या कायद्याखाली ठरावीक मुदतीपुरती कारखान्यात शिकतात. त्यांस मिळते ते विद्यावेतन होय. मुदत संपल्यावर त्यांस कायम केलेच पाहिजे असे बंधन कारखान्यावर सहसा नसते. अशा पत्रावर वर्षभराची खोली खुशाल द्यावी, पण पाच वर्षांचे कर्ज काढू नये.

मोठ्या कंपनीचे पत्र असले म्हणजे सर्व चिंता मिटली, अशी समजूत सुशिक्षित घरांतून फार आहे. तिचा अनुभव अलीकडच्या वर्षांत आपल्या देशातील हजारो इंजिनीअर मुलांनी घेतला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रो कंपनीने, ज्यांस वर्षाला साडेसहा लाखांचे पत्र दिले होते अशा नवख्या मुलांपुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला. इन्फोसिसने २०२२ साली निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांची रुजू होण्याची तारीख इतकी लांबली, की २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली पत्रे आपण पाळू असे कंपनीने सांगितले, आणि त्यानंतर पुष्कळांस बोलावणेही आले. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्या म्हैसूर येथील केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी, अंतर्गत चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत म्हणून, कमी करण्यात आले. कंपन्यांची बाजू आम्ही नाकारीत नाही; परदेशातील काम आटले की त्यांचेही हिशेब फिरतात. पण लाबानाने आपली मजुरी दहा वेळा बदलली, ही याकोबाची तक्रार उत्पत्तीच्या पुस्तकात नोंदलेली आहे, आणि ती वाचताना आम्हांस ही मुले आठवतात. याकोबाचा व्यवहार तर स्वतःच्या सासऱ्याशी होता.

अशा वेळी खरा भार पडतो तो आईबापांवर. शिक्षणकर्ज हे मुळातच पुढील मिळकतीच्या भरवशावर दिलेले कर्ज आहे. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण घेत नाहीत, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. ते एक वर्ष संपण्याची तारीख मात्र ठरलेली आहे. कंपनीने बोलावणे पाठविले नाही म्हणून ती पुढे सरकत नाही, आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून बापाचीही सही असते. म्हणून कर्ज काढलेल्या घरांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की ऑफर लेटर आले तरी मुलाने रुजू होईपर्यंत मिळेल ते प्रामाणिक काम करावे, आणि घरात पत्राच्या जोरावर दुसरे नवे कर्ज करू नये. विशेषतः आईच्या बांगड्या सोनाराकडे किंवा बँकेत नेऊ नयेत. लग्नसराईत हे फार होते.

जामीन राहणाऱ्यांस वेगळे सांगावयास हवे. वसईच्या आमच्या ख्रिस्ती बांधवांनी १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी केली आणि सावकाराच्या दारातून पुष्कळ कुटुंबांस सोडविले; सहकारी कर्जाची सारी इमारत एकमेकांच्या जामिनावर उभी असते, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण भाच्याचे ऑफर लेटर पाहून कौतुकाने सही ठोकणाऱ्या मामाने हे लक्षात ठेवावे, की करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सहसा कर्जदाराइतकीच असते. जामीन राहणाऱ्याच्या अंगाखालचे अंथरूणही जाऊ शकते, असा इशारा नीतिसूत्रांच्या ग्रंथाने फार पूर्वी देऊन ठेवला आहे. मामाने निदान पहिली स्लिप येईपर्यंत थांबावे. भाचा रुसेल, रुसू द्यावा.

मग खात्री करावी तरी कशी? तोबीताच्या ग्रंथातील वृद्ध तोबीताची रीत आम्हांस या बाबतीत फार आवडते. मेदिया देशात गाबाएलाकडे त्याने दहा तालान्त चांदी ठेवली होती, आणि वीस वर्षांनी ती आणण्यास आपल्या मुलास पाठवावयाचे होते. सोबतीस माणूस हवा होता. राफाएल समोर आला. तो देवदूत आहे हे म्हाताऱ्यास ठाऊक नव्हते. तोबीताने त्याचे गोड शब्दांनी स्वागत केले, पण तू कोणत्या वंशाचा, कोणाचा मुलगा, हे विचारल्यावाचून त्यास कामावर ठेवले नाही. देवदूताने प्रथम थोडे आढेवेढे घेतले, मग उत्तर दिले. रोजची मजुरी किती आणि वाटखर्च कोणी करावयाचा, हेही तोबीताने निघण्यापूर्वीच बोलून ठेवले. तेव्हा घरमालकाने चौकशी केली म्हणून कोणा मुलाने अपमान मानू नये, आणि मुलाने पगाराची तारीख विचारली म्हणून कोणा मालकाने त्यास उद्धट ठरवू नये.

पत्रावर छापलेल्या क्रमांकावर फोन केला की खात्री झाली असे समजू नये. खोटे पत्र बनविणारा क्रमांकही आपलाच छापतो. क्रमांक दुसरीकडून मिळवावा. येथल्या येथे कारखाना असेल तर सर्वांत सोपे म्हणजे मुलाला बरोबर घेऊन गेटवर जावे आणि टाइम ऑफिसात विचारावे. अमुक नावाचा मुलगा अमुक तारखेपासून येणार आहे काय, एवढे विचारावे. पगार किती हे परक्यास ते सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. नोंदलेल्या कंपनीच्या पत्रावर तिचा एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक छापलेला असला पाहिजे असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, आणि तो क्रमांक सरकारच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. लहान कारखाने भागीदारीत चालतात, त्यांच्या पत्रावर हा क्रमांक नसतो. तेवढ्यावरून त्यांस खोटे म्हणू नये. नोकरी लागून दीड-दोन महिने झाले, की भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक मुलास मोबाइलवर काढता येते. त्यात भरणाऱ्या मालकाचे नाव असते व भरलेली रक्कम असते. आमच्या मते पहिल्या स्लिपेपेक्षाही ते अधिक विश्वासाचे, कारण स्लिप कोणीही टंकू शकतो.

अमेरिकेतील घरकर्जाच्या व्यवहारात 'फॅनी मे' नावाची मोठी संस्था १९३८ पासून आहे. तिच्या नियमांत ऑफर लेटरवर कर्ज देण्यास जागा ठेवलेली आहे, हे ऐकून आमच्या बँकवाल्यांस नवल वाटेल. पण अटी पाहा. पत्रावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांचीही सही हवी. हुद्दा, पगाराचा दर व रुजू होण्याची तारीख स्पष्ट हवी. पत्रातील अटी पुऱ्या झाल्या असल्या पाहिजेत. कर्जाच्या कागदावर सही झाल्यापासून ९० दिवसांच्या आत नोकरी सुरू व्हावयास हवी. नोकरी देणारा कर्जदाराचा नातलग नसावा. आणि मधले काही महिने निघतील एवढी शिल्लक पदरी असावी. नातलगाची अट आम्हांस विशेष वाटली. काकाच्या दुकानाच्या कागदावर पुतण्याचा पगार किती लिहावा यास काही धरबंध नसतो, हे तिकडेही ओळखलेले दिसते.

आमच्या खोलीमालकांस एवढा मोठा हिशेब नको. पण त्याच शहाणपणाने त्यांस असे करता येईल: पत्राची गेटवर खात्री करावी; भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात द्यावी; पहिला करार अकरा महिन्यांचा न करता दोन-तीन महिन्यांचा करावा, आणि स्लिप आली की वाढवावा. डिपॉझिट एकदम न घेता दोन पगारांत विभागून घ्यावे. भाड्याची तारीख महिन्याची पहिली धरू नये. महिन्याच्या पगारावर असलेल्यास पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार दिला पाहिजे असा कायदा आहे. म्हणून दहा तारीख धरावी. आणि महिन्याच्या मध्यावर लागलेल्या मुलाचा पहिला पगार अर्धाच येतो, क्वचित तो पुढच्या महिन्याच्या पगारात मिळवून येतो. हे आधीच बोलून ठेवले तर पहिल्याच महिन्यात "भाडे बुडविले" अशी ओरड होत नाही. आरंभी सांगितलेल्या गृहस्थांनी यांपैकी गेटवर जाण्याची गोष्ट मान्य केली आहे. डिपॉझिटाविषयी त्यांचा विचार अजून चालू आहे.

परदेशच्या पत्रांविषयी मात्र आमचा सूर याहून कडक राहील. येथे गेटवर जाऊन विचारता येत नाही. आखाती देशांत जाणाऱ्या, दहावी न झालेल्या आमच्या मुलांस १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशगमनाची परवानगी काढावी लागते, आणि ती नोंदलेल्या एजंटामार्फत सरकारच्या 'ई-मायग्रेट' या व्यवस्थेतून निघते. एजंटाचा परवाना क्रमांक तेथे पाहता येतो. त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढीच आहे. कोणी दीड लाख मागतो, टूरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ म्हणतो, त्याच्या पत्रावर सोन्याचा शिक्का असला तरी ते घेऊ नये. बोटीवर जाणाऱ्यांच्या बाबतीत तर खलाशाकडून नोकरी लावण्याची फी घेण्यासच २००६ च्या सागरी श्रम कराराने मनाई केली आहे, व भारताने तो करार २०१५ साली मान्य केला आहे. जहाज वाहतूक महासंचालकांचा परवाना असलेल्या संस्थेकडूनच पत्र घ्यावे.

हे आम्ही उगाच भीती घालण्यास सांगत नाही. थायलंडात संगणकाच्या नोकऱ्या म्हणून सुरेख छापलेली पत्रे देऊन शिकल्यासवरल्या मुलांस म्यानमारच्या सरहद्दीत नेले जाते आणि तेथे कोंडून फसवणुकीची कामे करून घेतली जातात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजी दिला होता. तरीही मुले गेली. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांस तेथून परत आणले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी ते पत्र कोठेतरी जपूनच ठेवलेले असेल.

सोयरिकीविषयी एक शब्द. पत्रिका जुळविण्याची चाल आमच्यात नाही, याचा आम्हांस अभिमान होता. पण आता ऑफर लेटर जुळविण्याची पडू लागली आहे. मुलीच्या बापाने जावयाची नोकरी पाहावी यात गैर काही नाही. तथापि कागद पाहून साखरपुडा आणि कागद लांबला म्हणून मोडलेला साखरपुडा, असे आमच्या ऐकिवात येऊ लागले आहे. विवाहपूर्व तयारीच्या वर्गात आम्ही मिळकतीविषयी उघड बोलावयास सांगतो ते एवढ्याचसाठी, की दोघांनी एकमेकांस आकडा सांगावा, आणि तो आकडा सी. टी. सी.चा की हाती येणारा हेही सांगावे.

पुष्कळ लोक आमच्याकडे दाखला मागावयास येतात. हा मुलगा आमच्या धर्मग्रामातील आहे, याचे घर आम्हांस ठाऊक आहे, याच्याविषयी वाईट ऐकिवात नाही, असा दाखला आम्ही आनंदाने देतो. याचा पगार वेळेवर येईल, असे आम्ही लिहून देत नाही. ते आमच्या हातचे नाही. मात्र ज्यांस पत्र वाचून समजून घ्यावयाचे असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या कचेरीत यावे. कारखान्यांच्या कचेरीत काम करणारे आमचे दोन धर्मबंधू तेथे बसतात, ते ओळ न् ओळ मराठीत सांगतात. सही करण्यापूर्वी यावे. येताना पूर्ण पत्र आणावे, मोबाइलवर काढलेला पहिल्या पानाचा फोटो नव्हे. पगार पहिल्या पानावर असतो, अटी बहुधा शेवटच्या पानावर असतात.